टाकीखालची टाकी

आमच्या वसई पट्ट्यात बावखलातलं पाणी बहुतांशी आपोआप निवळतं, कारण तळाला गाळ असतो. नायगावच्या फ्लॅटमध्ये दोन हजार लिटरचं गोड्या पाण्याचं मत्स्यालय मांडायचं, तर हा तळ आपणच द्यावा लागतो. तो असतो खालच्या टाकीत. तिला ‘संप’ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी दर्शनी टाक्यांखाली मोठा, अंधारा हौद बांधला. पाणी ओघळून खाली यायचं, वाफेच्या पंपानं पुन्हा वर चढायचं. तिथलं पाणी समुद्राचं, पण तत्त्व हेच.

हौदात नेमकं काय घडतं, ते १८७७ मध्ये फ्रान्सच्या श्लोझिंग आणि म्यून्ट्झ यांच्या प्रयोगातून उमगलं. त्यांनी वाळूच्या नळीतून सांडपाणी झिरपवलं. वीसेक दिवस काही नाही. मग अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्म देताच सगळं थांबलं! म्हणजे काम वाळूचं नव्हे, तिच्यावर वाढलेल्या जिवाणूंचं. टाकी भरली त्याच संध्याकाळी सोडलेले मासे का दगावतात, ते इथं कळतं.

म्हणून संपमध्ये आधी मळ अडवणारा स्पंज, मग जिवाणूंसाठी सच्छिद्र खडे, शेवटी पंप. रिकामी जागा मात्र बरेच जण विसरतात. वीज गेली, पंप थांबला, तरी वरचं पाणी थोडा वेळ उतरतच राहतं. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद टाकीत पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे तब्बल १५० लिटर. तेवढी जागा खाली ठेवली नाही, तर ते पाणी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जातं.