दमयंतीची नजर

२००९ साली ‘एनडीटीव्ही इमॅजिन’ वाहिनीवर ‘राखी का स्वयंवर’ सुरू झाले. राखी सावंत या अभिनेत्रीने कॅमेऱ्यांसमोर आपला वर निवडावा, असा तो बेत होता. अखेरीस लग्न झाले नाही. साखरपुडा झाला आणि पुढे तोही मोडला. असेच होणार हे पहिल्या दिवसापासून सांगणारेही रोज ते पाहत होते. अशा प्रेक्षकाला भाबडा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ज्याचा मुळातच विश्वास नाही, त्याला भाबडे कसे म्हणावे?

या प्रकाराचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत १९६५ साली चक बॅरिस यांनी ‘द डेटिंग गेम’ आणला. एका बाजूला तरुणी, दुसऱ्या बाजूला तीन तरुण आणि मध्ये आडोसा. तिला केवळ आवाज ऐकू येई. प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू दिसत. तिच्याहून अधिक जाणण्याचे सुख त्याला मिळे. २००२ साली आलेल्या ‘द बॅचलर’मध्ये आडोसा गेला आणि गुलाबाचे फूल आले. पहिल्याच पर्वाच्या शेवटी नायकाने लग्नाची मागणी घातली नाही, तरी कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला. तेव्हा लोक विवाहासाठी तो पाहत नव्हते, हे उघड आहे.

मग ते काय पाहत होते? उत्तर वनपर्वातल्या नलोपाख्यानात सापडते. मराठी वाचकाला ही कथा रघुनाथपंडितांच्या आख्यानामुळे परिचित आहेच. स्वयंवरमंडपात चार देव नळाचेच रूप घेऊन बसतात. दमयंती खरा नळ ओळखते ती त्याच्या उणिवांवरून: त्याला घाम येतो, त्याची पापणी लवते, माळ कोमेजते, सावली पडते. देव निर्दोष असतात, म्हणूनच ते खोटे ठरतात.

दूरचित्रवाणीचा प्रेक्षक हेच करतो. सजवलेला महाल, पाठ केलेले संवाद, योजून आणलेले अश्रू यांत तो एखादी चुकार पापणी शोधत असतो. भोवतालचा देखावा जितका हास्यास्पद, तितका एखादा अस्सल संकोच ठळक उठून दिसतो. हास्यास्पदता या आनंदाच्या आड येत नाही. तीच त्याची पार्श्वभूमी आहे.

अर्थात तो संकोचही संकलकाने निवडून दाखवलेला असतो. पण त्याहून मोठा भेद दुसराच आहे. दमयंतीने घाम पारखला तेव्हा तिचे आयुष्य पणाला लागले होते. ओळख पटताच तिने माळ घातली. आपण पारखतो तेव्हा आपले काहीच पणाला लागलेले नसते. नाकारल्या गेलेल्या उमेदवाराचा खराखुरा घाम ओळखल्यावर आपण फक्त वाहिनी बदलतो. दमयंतीची नजर आपल्याला मिळाली आहे. तिची जबाबदारी मात्र आपण घेतलेली नाही.