नेपाळचा सातबारा, भलत्याचं तेल



2024 च्या सप्टेंबरात याच पानावर मी लिहिलं होतं की खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलंय, सोयाबीन विकायची घाई करू नका. कच्च्या तेलावर 5.5 टक्क्यांवरून 27.5 झालं होतं आणि रिफाइंडवर 13.75 वरून 35.75. आकडे बरोबर होते, माझा अंदाज चुकला. हमीभाव 4,892 होता आणि मोंढ्यात चार हजार, सव्वाचार हजारानं माल जात होता. मी चाळीस क्विंटल फेब्रुवारीपर्यंत ठेवलं आणि शेवटी चार हजारानंच दिलं. वर घट आली ती वेगळीच. एका पोराचा फोन आला, "काका, तुमचं वाचून थांबलो, आता बँकेचं व्याज कुणी भरायचं?" त्याला उत्तर देता आलं नाही. हे लिहितोय ते त्याच्यासाठी.

शुल्क एवढं वाढूनही भाव का हलला नाही, याचं एकच कारण नाही. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के, बाकी सगळी पेंड. त्या वर्षी मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांचा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात आला आणि सोयापेंडेला गिऱ्हाईक राहिलं नाही. जगातही सोयाबीन मुबलक होतं. हे मोठं कारण आहे आणि ते आधी सांगितलं पाहिजे. पण तेलाच्या बाजूनं जी भिंत उभी केली होती तिला एक भोक होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते भोक नेपाळच्या बाजूला आहे. शोधत गेलो तसं कळलं की हे भोक जुनं आहे आणि आधीही दोन-तीनदा यातूनच तेल आलंय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हमीभाव केंद्रावर काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथं माल घालायचा तर सातबारा लागतो, पीकपेरा लागतो. मग कुणीतरी गावोगाव पडत्या भावात सोयाबीन गोळा करतो आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रावर घालतो. कागद शेतकऱ्याचा, माल व्यापाऱ्याचा. कागदात खोट काढता येत नाही.

दोन देशांनी ठरवलं की एकमेकांचा माल बिनशुल्क घ्यायचा, तर तिथंही असाच सातबारा लागतो. त्याला मूळ देशाचा दाखला म्हणतात, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. नाहीतर तिसऱ्याच देशाचा माल शेजाऱ्याच्या दारातून आत येईल. मग त्यात अट असते की मालाच्या किमतीतला इतका भाग त्या देशात तयार झालेला पाहिजे. 30 टक्के, 35 टक्के, करार तसा आकडा. सगळं घोडं तिथंच अडतं.

नेपाळशी आपला पहिला व्यापार करार 31 जुलै 1950 चा. नेपाळला समुद्र नाही. त्यांचा परदेशातला बहुतेक माल कोलकाता, हल्दियाला उतरतो आणि आपल्याच रस्त्यानं रक्सौल, जोगबनीवरून वर जातो. त्यामुळं या करारात बरोबरीचं नातं कधी नव्हतं. 1971 च्या करारात अट होती की नेपाळच्या कारखान्यातला माल आपल्याकडं सवलतीत यायचा असेल तर त्यातला 90 टक्के कच्चा माल नेपाळचा किंवा भारताचा पाहिजे. आता ज्या देशात कच्चा मालच कमी, त्यानं कारखाना काढायचा कशाच्या जिवावर? पुढं मार्च 1989 मध्ये करारांची मुदत संपली, नवा जमला नाही, आणि आपण दोन नाकी सोडून बाकीची बंद केली. रॉकेलसाठी तिथं रांगा लागल्या. ते वर्षभराहून जास्त चाललं. हे मी मुद्दाम लिहितोय. नेपाळवाल्यांना नुसतं चोर म्हणून मोकळं होऊ नका, त्यांच्या बाजूनं बघितलं तर कारखाना उभा करायची संधी मिळेल तशी घेणं त्यांना भागच होतं.

मग डिसेंबर 1996 मध्ये आपण हात एकदम सैल सोडला. दारू, सिगारेट, सौंदर्यप्रसाधनं असलं थोडं वगळून नेपाळात तयार होणारा सगळा माल बिनशुल्क, आणि त्यात नेपाळचं किती पाहिजे ही अटच काढून टाकली. दाखला नेपाळनं द्यायचा, आपण मानायचा. हेतू चांगला होता. मोठ्या भावानं बारक्याकडून मोजून घेऊ नये, असं तेव्हाचं धोरण होतं.

पण त्याच सुमारास आपल्याकडं तेलाच्या शुल्काचा झोका चालला होता. 1986 मध्ये तेलबिया मिशन सुरू झालं, सूर्यफूल, करडई, सोयाबीन वाढलं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. आमच्या भागात करडईची पिवळी रानं तेव्हा नजर पोहोचेल तिथवर असायची. 1994 मध्ये पामोलिनची आयात 65 टक्के शुल्क लावून खुली केली आणि 1998 पर्यंत ते शुल्क 15 वर आणलं. तिथं करडई गेली ती गेली. मग ओरड झाल्यावर परत चढवत नेलं, 2001 मध्ये कच्च्या पामतेलावर 75 टक्क्यांपर्यंत.

शुल्क 15 असतं तेव्हा चोरवाट कुणी शोधत नाही. 75 झालं की शंभर रुपयांच्या तेलामागं पंचाहत्तर रुपये वाचवायचा सवाल असतो. मलेशिया, इंडोनेशियाचं पामतेल नेपाळात नेलं, तिथं त्याचं वनस्पती तूप केलं, आणि परत आपल्याकडं आणलं की शुल्क शून्य. वनस्पती म्हणजे आपला डालडा. पिवळा डबा, त्यावर ताडासारखं हिरवं झाड. लग्नात त्याच्याच जिलेब्या खाल्ल्यात आपण. तर नेपाळात पामचं एक झाड नसताना तिथून वनस्पती यायला लागलं. उत्तरेतल्या आपल्या वनस्पती कारखान्यांनी आरडाओरडा केला. मार्च 2002 मध्ये करार नवा झाला तेव्हा मूल्यवर्धनाची अट परत आली, पहिल्या वर्षी 25 आणि पुढं 30 टक्के, आणि वनस्पतीला वर्षाला एक लाख टनांची मर्यादा घातली. ॲक्रिलिक सूत, तांब्याच्या वस्तू, झिंक ऑक्साइड यांनाही मर्यादा आल्या. ती यादी वाचली की कळतं, कुठल्या कुठल्या मालाचे सातबारे फिरत होते.

हे भोक बुजवेस्तोवर दुसरं पडलं होतं. श्रीलंकेशी मुक्त व्यापाराचा करार 28 डिसेंबर 1998 ला झाला, मार्च 2000 पासून लागू. त्यात 35 टक्के मूल्यवर्धनाची अट पहिल्यापासून होती, म्हणजे कागद नेपाळपेक्षा पक्का. तरी तेच. श्रीलंकेत पामतेलावर शुल्क कमी, आपल्याकडं भरमसाट, आणि वनस्पती आपल्याकडं शून्यानं येणार. बघता बघता तिथं वनस्पतीचे कारखाने उभे राहिले, आणि त्यात पैसा बराचसा आपल्याच लोकांचा होता. 2006 मध्ये आपण अडीच लाख टनांची मर्यादा घातली. मग 2008 मध्ये महागाई वाढली म्हणून आपण कच्च्या पामतेलाचं शुल्कच शून्य केलं. झालं, तिथले कारखाने बंद पडले. तेलाची टंचाई नव्हती, यंत्रं नवी होती, पण कारखाना ज्या नफ्यावर उभा होता तो नफा म्हणजे आपल्या शुल्कातला फरक. फरक गेला, कारखाना गेला.

मिऱ्याचंही तसंच. करारात श्रीलंकेच्या मिऱ्याला 2,500 टनांची सवलत. केरळ, कर्नाटकातले मिरी उत्पादक वर्षानुवर्षं म्हणत होते की श्रीलंकेच्या नावावर व्हिएतनामचं मिरं येतंय. डिसेंबर 2017 मध्ये सरकारनं मिऱ्याला किलोला 500 रुपयांची किमान आयात किंमत लावली, तेव्हा जरा आवर बसला. आपल्याकडं कोकणातही मिरी आहे, त्यांना हे माहीत असेल.

आता साफ्ता. दक्षिण आशियातल्या सात देशांचा हा मुक्त व्यापार करार 6 जानेवारी 2004 ला इस्लामाबादला झाला, 1 जानेवारी 2006 पासून लागू. कल्पना मोठी होती, की श्रीमंत देशांच्या तोंडाकडं बघत बसण्यापेक्षा शेजाऱ्यांनी एकमेकांशी व्यापार करावा. आग्नेय आशियाच्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाव भागाच्या आसपास आहे, आपल्या भागाचा 5 टक्क्यांच्या आसपास. भारत-पाकिस्तानच्या भांडणात ते रखडलं, 2014 च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर बैठकसुद्धा झालेली नाही. पण एक गोष्ट झाली. नोव्हेंबर 2011 मध्ये भारतानं सर्वांत गरीब शेजाऱ्यांसाठी, म्हणजे नेपाळ, बांगलादेश वगैरेंसाठी, सवलत नसलेल्या वस्तूंची यादी 480 वरून 25 वर आणली. उरल्या त्या दारू आणि तंबाखूच्या. म्हणजे खाद्यतेल बिनशुल्क, फक्त 30 टक्के मूल्यवर्धन दाखवायचं.

2018 मध्ये आपण कच्च्या पामतेलावर 44 आणि रिफाइंडवर 54 टक्के शुल्क केलं, आणि पुढच्याच वर्षी पामतेल नेपाळच्या निर्यातीत पहिल्या नंबरावर गेलं. वेलदोडे, चहा, गालिचे सगळे मागं. जानेवारी 2020 मध्ये आपण रिफाइंड पामतेलाला परवाना लावला. तर तिथल्या गिरण्या सोयाबीन तेलाकडं वळल्या आणि पुढची दोन वर्षं सोयाबीन तेल पहिल्या नंबरावर. नेपाळात सोयाबीन पिकतं किती? त्यांच्या घरच्या गरजेलाही पुरत नाही. 2022 मध्ये आपलं शुल्क 5.5 वर आलं आणि ती वाट ओस पडली. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क चढलं आणि लगेच परत टँकर लागले.

एक साधा हिशेब करा. कच्चं तेल रिफाइन करायचं म्हणजे त्यातला डिंक, आम्ल, रंग, वास काढायचा. आपल्याकडं तेल गिरणी बघितलेल्या कुणालाही विचारा, त्या कामात तेलाची किंमत 30 टक्क्यांनी वाढते का. मला तरी तो हिशेब बसत नाही. कच्च्या मालाची किंमत कागदावर कमी दाखवली तरच बसतो. आपल्या कस्टमनं सप्टेंबर 2020 पासून नवे नियम आणलेत, आयातदारालाच मूळ देशाची माहिती ठेवायला लावणारे. पण दाखला द्यायचा अधिकार तिकडच्याच देशाचा आहे.

देशाची तेलाची आयात वर्षाला दीडशे लाख टनांच्या पुढं आहे, त्यात नेपाळचं तेल थोडंच. पण बिनशुल्क तेल बिहार, उत्तर प्रदेशात उतरलं की बाकीच्यांना त्याच भावाशी झुंजावं लागतं, आणि गिरणीवाला तो तोटा शेवटी बियाण्याच्या भावातून काढतो. म्हणजे माझ्या पोत्यातून.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. पूर्व नेपाळातला शेतकरी आलं पिकवतो. त्याच्या आल्याचा सातबारा शंभर टक्के खरा, त्याच्याच मातीतलं. ते आलं आपल्या नाक्यावर रोगतपासणीच्या कागदासाठी अडून राहतं, नाशवंत माल, गाडीत सडतो. आणि शेजारून तेलाचा टँकर दाखला दाखवून निघून जातो. गरीब देशांतल्या शेतकऱ्यांचं भलं व्हावं म्हणून करार, तर त्यात ना त्या आलेवाल्याला काही मिळालं ना मला. मधल्या मधे रिफायनरीवाल्यांचं झालं, तिकडच्या आणि इकडच्याही.

आता 2025 चं. 30 मे 2025 ला सरकारनं कच्च्या तेलावरचं शुल्क 27.5 वरून 16.5 वर आणलं, रिफाइंडचं तसंच ठेवलं. कारण सांगितलं महागाईचं आणि देशातल्या रिफायनऱ्यांना काम मिळावं याचं. कच्चं तेल इथंच स्वस्त झालं म्हणून नेपाळच्या वाटेतला नफाही कमी झाला. 2008 मध्ये श्रीलंकेचं भोक असंच बंद झालं होतं, भिंत खाली घेऊन. दाखल्याची 30 टक्क्यांची अट आहे तिथंच आहे.

म्हणून यंदा ठेवा की विका, हे मी सांगणार नाही. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 होता. मी केंद्रावर नोंदणी केलीय, ओल 12 च्या आत आली की माझा माल माझ्या सातबाऱ्यावर घालणार आहे. ज्यांनी पावसात भिजलेलं काढलंय त्यांनी दोन ऊन जास्त द्या, आणि मीटरवर मोजूनच गाडी भरा. तिथून परत आणायचं भाडं आपल्याच डोक्यावर बसतं.