विम्याचा एजंट आणि पहिला हप्ता

विमा हा शब्द आमच्या भाषेंत नवा नाहीं. नवा आहे तो विम्याचा एजंट. जुन्या सावकारी पेढ्या वाटेवरच्या मालाची जोखीम ठरीव मोबदल्यावर पत्करीत, आणि तिलाच विमा म्हणत. तेथें पेढीवाला व्यापाऱ्यास ओळखीत असे, व्यापारी पेढीवाल्यास. माल मुक्कामास सुखरूप पोंचला कीं व्यवहार संपला. माणसाच्या आयुष्याचा विमा मात्र इंग्रजी अमदानींत आला. त्याची मुदत वीस-पंचवीस वर्षांची, वचन देणारी कंपनी शेकडों मैलांवर, आणि वचन पुरें करून घेण्याचा प्रसंग आलाच तर ज्यानें तें घेतलें तो गृहस्थ हयात नसावयाचा. एवढ्या लांबच्या व्यवहारांत जो एकच मनुष्य प्रत्यक्ष डोळ्यांस दिसतो तो एजंट. तेव्हां विश्वासू एजंट कसा ओळखावा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. आणि त्याचें उत्तर, आमच्या मतें, एजंटाच्या चेहऱ्यांत शोधण्यापेक्षां त्याच्या कमाईच्या इतिहासांत शोधावें.

कलकत्त्यास १८१८ सालीं निघालेली पहिली आयुर्विमा कंपनी मुख्यतः युरोपियनांसाठीं होती. पुढें विलायती कंपन्या हिंदी लोकांचे विमे घेऊं लागल्या, पण हप्ता जादा लावीत. मुंबईच्या बॉम्बे म्युच्युअलनें १८७० मध्यें हा पंक्तिप्रपंच मोडला व हिंदी माणसाचें आयुष्य सामान्य दरानें स्वीकारलें. १८७४ सालीं ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कंपनीही मुंबईसच निघाली. स्वदेशीच्या चळवळीनें तर ठिकठिकाणीं कंपन्या उभ्या केल्या. आणि १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी काढली. मुंबई-पुणें सोडून एका जिल्ह्याच्या गांवीं अशी संस्था उभी राहावी व १९५६ पर्यंत चालावी, ही गोष्ट महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासांत आजच्यापेक्षां अधिक आदरानें सांगितली जावयास हवी.

या सर्व कंपन्यांपुढें अडचण एकच होती. धान्य, कापड, सोनें मनुष्य आपण होऊन घ्यावयास जातो. स्वतःच्या मरणाची तजवीज विकत घ्यावयास कोणी आपण होऊन जात नाहीं. आमच्याकडे तर तो विषय दिवेलागणीस काढणेंही अशुभ. ही केवळ आमची खोड आहे असें मात्र नव्हे. अमेरिकेंत लुई ब्रँडाइस यांच्या खटपटीनें १९०७ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत बचत-बँकांस एजंटावांचून स्वस्त विमा विकण्याची मुभा देणारा कायदा झाला. विमा खरोखरच स्वस्त पडला, पण त्यानें एजंटांच्या कंपन्या बंद पडल्या नाहींत. दारांत येऊन बसणारा, नको म्हटल्यावरही पुन्हां येणारा असा कोणी मनुष्य लागतो. त्याच्या चिकाटीची आपण थट्टा करतों खरी, पण पुष्कळ विधवांच्या घरीं चूल पेटती राहिली ती त्याच चिकाटीमुळें.

आतां या चिकाटीचें वेतन कसें ठरलें तें पाहूं. १९३८ च्या विमा-कायद्यानें प्रथमच एजंटास परवाना आवश्यक केला व त्याच्या कमिशनास मर्यादा घातली. आयुर्विम्यांत पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर शेंकडा ४० आणि पुढील हप्त्यांवर शेंकडा ५, ही ती मर्यादा. नव्या कंपन्यांस पहिलीं दहा वर्षें ५५ व ६ पर्यंत सवलत होती. शंभर रुपयांच्या हप्त्यावर एजंटास पहिल्या वर्षीं चाळीस रुपये मिळाले, तर तेवढेच पुन्हां मिळविण्यास त्यानें तो विमा पुढें आठ वर्षें चालू ठेवला पाहिजे. उलट शेजारच्या घरीं एक नवा विमा उतरविला कीं चाळीस रुपये त्याच आठवड्यांत! १९५० च्या दुरुस्तीनें पहिल्या वर्षाचें प्रमाण ३५ वर आणलें, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं साडेसात व त्यानंतर ५ ठेवलें. म्हणजे कायदा करणारांसही रोग कोठें आहे तें कळलें होतें. पण तराजूचें पारडें पहिल्या हप्त्याकडे झुकलेलेंच राहिलें. २०२३ सालीं तर नियामक प्राधिकरणानें प्रत्येक प्रकारच्या विम्याची वेगळी कमिशन-मर्यादा काढून टाकली व कंपनीच्या एकूण खर्चास मर्यादा ठेवली. एजंट वाईट असतो असें आमचें म्हणणें नाहीं. कमाईची अशी रचना असतांना जो पुढच्या हप्त्यांची काळजी वाहतो तो चांगला, आणि ती वाहणें त्याच्या तात्कालिक स्वार्थास सोडून आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

येथें आम्हां सुशिक्षित मंडळींच्या एका संवयीविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं. एजंटास पहिल्या वर्षीं मोठी रक्कम मिळते हें कळतांच आपण त्याला विचारतों, “त्यांतलें आम्हांला किती?” १९३८ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमानें असा परतावा देणें व घेणें दोन्ही निषिद्ध केलें आहे. तरीही भाजीच्या घासाघिशीप्रमाणें ही घासाघीस उजळ माथ्यानें चालते, आणि अधिक परतावा देणारा तो अधिक भला असें ठरतें. परंतु ज्यानें पहिली कमाई तुमच्या पदरांत टाकली त्याला तुमच्या घरीं पुन्हां येण्याचें कारण काय उरलें? त्याचा प्रपंच नव्या गिऱ्हाइकावर, किंवा तुमचाच जुना विमा मोडून नवा उतरविण्यावर चालणार. परताव्याची भाषा स्वतः होऊन काढणाऱ्या एजंटास चहा पाजून निरोप द्यावा. ती आपणच काढीत असूं तर दोष कोणाचा हें सांगावयास नको.

एजंटांच्या डोक्यावरील कंपन्यांचें वर्तन तरी निर्मळ होतें काय? विमेदारांचा पैसा चालकांच्या इतर उद्योगांत वळविला जातो ही तक्रार वाढत गेली. अखेर १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आयुर्विम्याचा धंदा सरकारनें ताब्यांत घेतल्याचें रेडिओवरून जाहीर केलें. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी व ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा २४५ संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ सुरू झालें. साताऱ्याची कंपनीही त्यांतच मिळाली. कंपनी बुडण्याची भीति यानें गेली. एजंटाची पारख करण्याची जबाबदारी होती तेथेंच राहिली.

ती किती जड आहे हें पाहावयाचें तर पिंपरी-चिंचवडसारखें दुसरें ठिकाण नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ नंतर औद्योगिक वसाहत वाढली, १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. गांव सोडून आलेल्या कामगारास महिन्याचा ठराविक पगार हीच नवी जमीन होती, आणि तिच्यावरचें छप्पर म्हणजे पगारांतून कापला जाणारा विम्याचा हप्ता. ही पगार-कपातीची पद्धत सोयीची खरी. पण नोकरी बदलली, कंत्राट संपलें, किंवा मालकानें कापलेली रक्कम पुढें पाठविली नाहीं, तर विमा गुपचूप बंद पडतो व घरच्यांस पत्ता नसतो. दिल्लीच्या वीजपुरवठा खात्यांतील एका कामगाराच्या विधवेवर हाच प्रसंग आला. हप्ता पोंचविण्याची हयगय मालकाची होती; तथापि या योजनेंत मालक हा महामंडळाचाच एजंट ठरतो, म्हणून महामंडळ जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं दिला. निकाल न्याय्य आहे, पण दर नोकरी-बदलाच्या वेळीं “हप्त्याचें काय झालें?” असें विचारणारा एजंट असता तर त्या बाईस एवढ्या वरच्या न्यायालयापर्यंत जावें लागलें नसतें.

याहून घातक क्षण विमा उतरवितांनाच येतो. अर्जांत प्रकृतीविषयीं प्रश्न असतात. कारखान्यांत पाळीपाळीनें राबणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थास मधुमेह किंवा रक्तदाब असणें नवलाचें नाहीं. एजंट हंसून म्हणतो, “हें लिहूं नका, उगाच तपासण्या लागतील,” आणि स्वतःच्या हातानें सगळीकडे ‘नाहीं’ लिहून सही घेतो. त्या एका शब्दानें हप्ता वांचत नाहीं, विमाच पोकळ होतो. १९४५ च्या एका विम्यांत असेच अलीकडील आजार व उपचार लपविले होते. १९६२ सालीं मिठूलाल नायक यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती लपवाछपवी महत्त्वाची मानली व रक्कम नाकारली. कायद्याचें ४५ वें कलम विमेदाराच्या बाजूचें आहे. पूर्वी दोन वर्षांनंतर कंपनीचे हात बरेचसे बांधले जात, २०१५ च्या दुरुस्तीपासून तीन वर्षें उलटल्यावर तिला कोणत्याही कारणास्तव हरकत घेतां येत नाहीं. पण मृत्यु त्या तीन वर्षांच्या आंत आला तर? म्हणून अर्ज स्वतःच्या अक्षरांत भरावा, त्याची प्रत घरीं ठेवावी, आणि “आजार लिहा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल” असें सांगणारा एजंट भेटला तर त्याला सोडूं नये.

खाजगी कंपन्या २००० सालापासून पुन्हां आल्या. त्याच सुमारास चाकणच्या बाजूस म्हाळुंगें, निघोजें, खालुंब्रें या गांवांच्या जमिनी कारखान्यांखालीं जाऊं लागल्या होत्या. मोबदल्याचा पैसा कोणाच्या घरीं आला हें अशा वेळीं तलाठ्याच्या खालोखाल विमा-एजंटास आधीं कळतें. बाजारभावाशीं जोडलेले युलिप विमे तेव्हां जोरांत होते. “तीन वर्षें भरा, मग भरावें लागत नाहीं” हें वाक्य देशभर पाठ झालें होतें. पहिल्या हप्त्यांतून खर्चापोटीं किती कापलें जातें हें वाक्याच्या पोटांत नव्हतें. १ सप्टेंबर २०१० पासून प्राधिकरणानें पैसे अडकण्याची मुदत पांच वर्षें केली व खर्चास आळा घातला. तोंपर्यंत अनेकांची रक्कम झिजून गेली होती. ज्याची जमीन गेली त्याला विम्यापेक्षां निर्धास्त ठेवीचीच गरज असते. हें ऐकविणाऱ्या एजंटास त्या घरीं कमिशन मिळालें नसतें, आणि विश्वास ठेवावा असा तोच होता.

पारखतांना कंपनीचें नेमणूकपत्र पाहावें, पावती कंपनीच्या नांवाची घ्यावी, रोख पैसा हातीं देऊं नये, हें सर्व आलेंच. विमापत्र हातीं आल्यावर नापसंत असल्यास परत करण्यास २०२४ पासून तीस दिवस मिळतात. ते वाचनांत घालवावे. भाचा किंवा मेव्हणा एजंट आहे म्हणून विमा घेणाऱ्यास नंतर प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, तेव्हां नातें हें आम्ही गुण धरीत नाहीं. आमचा भर दुसऱ्याच एका प्रश्नावर आहे: “तुमच्या विमेदारांपैकीं कोणाच्या घरीं मृत्यूचा दावा झाला, आणि त्या कामीं तुम्ही काय केलें?” मुरलेला एजंट नांव न घेतांही मृत्यूचा दाखला, वारसाचें नांव, बँकेचें खातें, कोठें किती खेपा पडल्या, हें घडाघडा सांगतो, नवशिका योजनेच्या चित्रांचें पुस्तक उघडतो. ही मुलाखत चालू असतां घरांतील बाईनें आंत स्वयंपाकघरांत असूं नये, तेथें बसावें. दाव्याचा अर्ज तिला भरावयाचा आहे. आणि तो नाकारला गेलाच, तर पुण्यांत विमा-लोकपालाचें कार्यालय आहे, तेथें फी लागत नाहीं, वकील लागत नाहीं, मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आंत जावें लागतें, हें तिलाच ठाऊक असलें पाहिजे.