थ्रेडनीडल स्ट्रीटच्या आजीबाई

बँक ऑफ इंग्लंड ही ब्रिटनची मध्यवर्ती बँक. लंडनच्या ‘सिटी’ या जुन्या व्यापारी भागातील थ्रेडनीडल स्ट्रीट या रस्त्यावर तिची वास्तू उभी आहे. नावात सुईही आहे आणि दोराही. शिंप्यांच्या प्राचीन संघाचे सभागृह याच रस्त्यावर आहे. इंग्रजी वृत्तपत्रे या बँकेला अनेकदा ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ म्हणतात. मराठीत ‘आजीबाई’ हा शब्द अधिक जवळचा ठरावा. आज या संबोधनात जिव्हाळा जाणवत असला, तरी त्याचा जन्म बोचऱ्या टीकेतून झाला.

फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी इंग्लंडच्या सरकारला पैसा हवा होता. १६९४ मध्ये भागधारकांनी १२ लाख पौंड ८ टक्के व्याजाने दिले व त्या बदल्यात बँकेची सनद मिळवली. आरंभीची चाळीस वर्षे ती व्यापारी संघांच्या सभागृहांत चालली. थ्रेडनीडल स्ट्रीटवर ती आली १७३४ मध्ये.

पुढे फ्रान्सशी पुन्हा युद्ध जुंपले. पंतप्रधान धाकटे विल्यम पिट बँकेकडून वारंवार उचल करीत होते आणि सोन्याचा साठा आटत चालला होता. फेब्रुवारी १७९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर फ्रेंच तुकडी उतरली. घाबरलेले लोक नोटांच्या बदल्यात सोने मागू लागले, तेव्हा सरकारने हुकूम काढून सोने देणेच थांबवले. नाटककार आणि विरोधी खासदार रिचर्ड शेरिडन यांनी बँकेला वाईट संगतीत सापडलेल्या प्रतिष्ठित वृद्धेची उपमा दिली. मे महिन्यात व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी ती वृद्धा कागदावर उतरवली. तिच्या अंगात नोटांचा झगा, बसायला कुलूपबंद पेटी. पिट प्रेमाचा आव आणून तिच्या खिशात हात घालीत आहेत आणि ती आकांत करीत आहे. सरकारचा हात बँकेच्या तिजोरीत किती खोल जावा, हा वाद इतक्या थोडक्या रेषांत क्वचितच कोणी मांडला असेल. सोने देणे पूर्ववत व्हायला १८२१ साल उजाडले. टोपणनाव मात्र कायमचे चिकटले. १९४६ मध्ये बँक सरकारी मालकीची झाली.

वास्तूची रस्त्याकडील खिडक्याविरहित भिंत वास्तुविशारद जॉन सोन यांची. १७८० च्या दंगलीनंतर नेमलेला लष्कराचा रात्रपहारा १९७३ पर्यंत चालू होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान हर्बर्ट बेकर यांनी ही भिंत राखून आतील बहुतेक इमारत नव्याने उभारली. दिल्लीतील नॉर्थ आणि साउथ ब्लॉक त्यांचेच.

तळघरात सोन्याच्या सुमारे चार लाख विटा आहेत. त्यांतील बहुतांश इतरांच्या. भारताचाही त्यांत वाटा आहे. जुलै १९९१ मध्ये परकीय चलन संपत आले असता सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने येथे धाडले गेले आणि त्याच्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून कर्ज उभारले गेले. अडचणीच्या दिवसांत घरचे दागिने सावकाराकडे ठेवावे लागावेत, तसा तो प्रसंग देशाच्या जिव्हारी लागला. २०२३-२४ या आर्थिक वर्षात रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमधील आपल्या साठ्यापैकी सुमारे शंभर टन सोने मायदेशी आणले.