लोटाभर केशरी रंग

साल १९५५. इंदूर अजून मध्य भारत राज्यात आहे. मध्य प्रदेश व्हायला वर्षाहून जास्त अवकाश आहे. आज फाल्गुन वद्य पंचमी. तुम्ही मल्हारगंजात उभे आहात आणि अंगात परीटघडीचा पांढरा सदरा आहे. आजच्या दिवशी या पेठेत असा सदरा घालून कोणी येत नाही.

खडे हनुमानाच्या देवळात फाग रंगलाय, गुलाल उधळला जातोय. घटकाभर थांबून तुम्ही पुढे निघता. दुकानाच्या ओट्यावर रंगू पहिलवान बसलेत. त्यांच्या हातात भलामोठा लोटा आहे. तो दिसतो न दिसतो तोच केशरी पाण्याचा सपकारा छातीवर बसतो. गार पाणी बंडीतून पोटापर्यंत ओघळतं, कॉलरच्या शिवणीत रंग साचतो. तुमची फजिती बघून हसणाऱ्या सायकलवाल्याचीही पुढच्याच क्षणी तीच गत होते. ओळख ना पाळख, जात ना हुद्दा. रस्त्याने जाईल तो पहिलवानांचा पाहुणा!

होळकरांच्या काळात राजघराण्यातली माणसंही या दिवशी प्रजेबरोबर रंग खेळायची, असं जुने इंदूरकर सांगतात. संस्थान गेलं, पण त्या खेळाची हौस या ओट्यावर जिवंत राहिली. पुढे इथेच बैठका बसल्या. हा खेळ सगळ्यांनी मिळून, थाटामाटात कसा खेळायचा, यावर खल झाला. जागा ठरली टोरी कॉर्नरचा चौक. कवी सत्यनारायण सत्तन या भागातल्या गेरची, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीची, सुरुवात अशी सांगतात, आणि साल १९५५-५६ देतात.

आता डोळे पुसा आणि थेट आजच्या रंगपंचमीला या. चौक तोच. पण लोट्याच्या जागी टँकर आलेत, पंपांतून सुटणारा रंग घरांच्या गच्च्यांवर पोचतोय, आणि लाखोंचा लोंढा राजवाड्याकडे सरकतोय. ढोलाचा दणका पायाखालच्या जमिनीतून जाणवतो. आदल्या संध्याकाळी याच मल्हारगंजात बजरबट्टू संमेलन भरतं; एरवी गंभीर चेहऱ्याने भाषणं ठोकणारे पुढारी तिथे चित्रविचित्र सोंगं घेऊन येतात. अशा वल्लींना इंदूर वेड्यात काढत नाही, खांद्यावर घेतं. मला या शहराचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. दरबाराने किंवा सरकारने फर्मान काढून असा दिवस उभा राहिला नसता. त्याला ओट्यावर बसलेला एक हौशी माणूसच लागतो.

१९५५ साली पहिलवानांच्या लोट्यातून भिजलेली पोरं आज ऐंशीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर येत्या रंगपंचमीची वाट पाहू नका. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि सांगतील ते लिहून ठेवा.