कृष्णविवर की नग्न सिंग्युलॅरिटी : मुंबईतील एका संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्रचंड वस्तुमानाचा तारा इंधन संपल्यावर स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळतो. घनता अनंत होऊन भौतिकशास्त्राचे नियम निरुपयोगी ठरतात, त्या अवस्थेस सिंग्युलॅरिटी म्हणतात. ती घटना क्षितिजाआड झाकलेली असल्यास कृष्णविवर, उघडी असल्यास नग्न सिंग्युलॅरिटी होय. निसर्ग तिला नेहमी झाकतोच, हे रॉजर पेनरोज यांचे १९६९ मधील अनुमान अद्याप सिद्ध झालेले नाही.

विषय विवेचन :
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पंकज जोशी यांनी आय. एच. द्विवेदी यांच्यासह १९९३ मध्ये दाखविले की, असमान घनतेचा धूलिमेघ कोसळताना सिंग्युलॅरिटी उघडी राहू शकते. परंतु ही गणिती शक्यता निरीक्षणाने तपासावी कशी, हा प्रश्न उरला.

त्याचे साधन जुन्या सिद्धांतात होते. फिरणारी वस्तू भोवतालचे अवकाशही ओढते, हे लेन्स व थिरिंग यांनी १९१८ मध्ये सांगितले होते. परिणामी जायरोस्कोपच्या अक्षाला परांचन गती मिळते. पृथ्वीभोवतीची ही गती ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहाने मोजली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

चंद्रचूड चक्रवर्ती, प्रशांत कोचर्लाकोटा, जोशी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये रॉय केर यांच्या १९६३ मधील उकलीस हीच कसोटी लावली. या उकलीत परिभ्रमण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास क्षितिज उरत नाही. कृष्णविवराच्या क्षितिजाकडे कोणत्याही दिशेने गेल्यास परांचन सामान्यतः अमर्याद वाढते. नग्न सिंग्युलॅरिटीबाबत ते केवळ वलयाकार सिंग्युलॅरिटीलगतच तसे वाढते. भोवतालच्या वायुचकतीचे परांचनही कृष्णविवराकडे जाताना वाढत जाते, तर नग्न सिंग्युलॅरिटीकडे जाताना शिखर गाठून घटते.

निष्कर्ष :
नग्न सिंग्युलॅरिटी आकाशात अद्याप आढळलेली नाही. तथापि या संशोधनाने अनुमानाच्या वादाला मोजमापाची वाट दाखविली. अशी एक जरी वस्तू सापडली, तरी पुंज गुरुत्वाचे परिणाम प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळू शकेल.