रखमाबाईंचा दिवाणी दावा



कोर्ट म्हटले की आपल्याला फौजदार आणि बेड्याच आठवतात. माझ्या माहेरी बांधाचा दावा चालला होता. तारखेच्या दिवशी वडील घरी परतेपर्यंत आई घोटभर पाणी घेत नसे. त्यांना तुरुंगात घातले तर, ही धास्ती. दावा दिवाणी आहे, त्यात हक्क कोणाचा आणि तो कोणी मोडला एवढेच बघतात, हे तिला कोणी समजावलेच नाही.

पण आईची धास्ती अगदीच खुळी नव्हती, हे रखमाबाईंची हकीकत वाचून कळले.

मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या, शिकल्या. पुढे त्यांनी नांदायला जायचे नाकारले. तेव्हा १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, हायकोर्टात दावा लावला की बायकोवर माझा हक्क आहे, तो मिळावा. शेताचा तुकडा मागावा तसे माणूस मागितले!

न्या. पिन्हे यांनी १८८५ साली दावा फेटाळला. दोघे कधी एकत्र नांदलेच नाहीत, मग 'परत' कुठे पाठवायचे, असा त्यांचा मुद्दा. मला तो फार पटला. पण अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम केला: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. चोरी नाही, मारामारी नाही, तरी कैद! 'केसरी'सारखे वजनदार पत्र विरुद्ध असताना बावीस वर्षांच्या या बाईंनी सांगितले, कैद पत्करीन, जाणार नाही.

१८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूम बजावणे सोडले. बाई तुरुंगातून वाचल्या, पण हक्काचा निवाडा झालाच नाही, हे मला अजून खटकते. रखमाबाई विलायतेत डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी बायकांचे दवाखाने सांभाळले.

अशा हुकुमासाठी कैद १९२३ साली बंद झाली. दावा मात्र राहिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली तो नवरा किंवा बायको कोणीही लावू शकते. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

माझ्या नात्यातल्या एका मुलीला अशीच नोटीस आली. तिच्या आईने घाबरून ती डाळीच्या डब्यात लपवली. तारीख चुकली, एकतर्फी निकाल झाला. तो रद्द व्हावा म्हणून आता मायलेकी अर्ज घेऊन कोर्टात खेपा घालीत आहेत.